दुबईत खाल्लेलं डेन्मार्क

दुबईहून आल्यापासून लोक मला तेच तेच विचारतात. सोन्याचा भाव काय होता, ती जगातली सर्वांत उंच इमारत पाहिली का, आणि वाळवंटात उंटावर बसलात का. सोन्याच्या बाजारात मी शिरले होते, पण सावलीसाठी. इमारत पाहिली, म्हणजे ती पाहावी लागत नाही, कुठेही उभं राहिलं तरी मध्ये येते. उंटावर मात्र बसले नाही, कारण त्या दिवशी मी एका डॅनिश बाईच्या स्वयंपाकघरात लाल कोबी चिरत होते.

तेव्हा आधीच सांगून टाकते. या प्रवासात दुबई तोंडी लावण्यापुरती आहे, मुख्य जेवण डेन्मार्कचं आहे. ज्यांना उंट हवेत त्यांनी दुसरीकडे बघावं.

मी कराडची. नगरपालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीमागे बसून जन्मभर लोकांचा संताप ऐकला. आता निवृत्त आहे आणि स्वतः संतापायला मोकळी आहे. माझी धाकटी बहीण सुनंदा लग्न झाल्यापासून, म्हणजे पंचवीस वर्षं, दुबईत आहे. गेल्या डिसेंबरात तिने फोनवर हट्टच धरला. "ताई, या वेळी तू आलीच पाहिजेस. मला स्वयंपाकघरात आपलं माणूस हवंय." विमानाचं तिकीट पाठवून कोबी चिरायला बोलावलेली कराडमधली मी पहिलीच बाई असेन.

अल मनखूल

सुनंदाचं घर बर दुबईतल्या अल मनखूल भागात, एका जुन्या इमारतीत आहे. खाली उतरलं की केरळी किराणा, इस्त्रीवाला, डोशाचं हॉटेल आणि "भैया, कढीपत्ता फ्री में डालो" म्हणून भांडणाऱ्या बायका. आपण ठाण्यात उतरलो की काय असं वाटतं, फक्त रस्ते धुतलेले असतात आणि कढीपत्ता खरंच फुकट देत नाहीत.

पहिल्या संध्याकाळी मला वाटलं होतं, एवढा प्रवास करून आले, पिठलं-भाकरी मिळेल. बशीत आली एक काळी वडी. "हा रुगब्रोड," सुनंदा म्हणाली. "राय नावाचं धान्य असतं, त्याचा पाव." पाव म्हणायला माझी जीभ रेटेना. नाचणीच्या भाकऱ्या थापायचा कंटाळा येऊन कुणीतरी सगळं पीठ विटेच्या साच्यात कोंबावं, तसं ते प्रकरण. त्यावर लोण्याचा जाड थर, उकडलेल्या अंड्याच्या चकत्या, गुलाबी कोळंबी आणि सर्वांत वर, देवा रे, शेपू. आमच्याकडे शेपूची भाजी केली की निम्मं घर बाहेर जेवतं. डॅनिश लोक तोच शेपू नथीसारखा मिरवतात.

या सगळ्याला स्मोरब्रोड म्हणतात. शब्द लिहायला असा, बोलताना ते लोक त्यातली निम्मी अक्षरं गिळतात. पहिला घास आंबट लागला, दुसरा कडवट, आणि तिसऱ्याला मी बशी जवळ ओढली. सुनंदा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बरं आहे," मी म्हटलं.

"अगं, डॅनिश लोकांत याहून मोठी स्तुती नसते," ती म्हणाली आणि हसली.

माझे मेहुणे श्रीकांतराव शेजारी पोळी आणि फ्लॉवरची भाजी खात होते. ते जबल अलीत एका कंपनीच्या गोदामांचे हिशेब बघतात. पहाटे कंपनीची बस येते, संध्याकाळी दमून आणून सोडते. माणूस वाईट नाही. फक्त घरातलं प्रत्येक वाक्य आपण संपवायचं असतं अशी त्यांची समजूत आहे. "ताई, हिचा कॅफेतला टाइमपास मस्त चाललाय," ते म्हणाले. "घरी बसून बोअर होण्यापेक्षा बरं. आय अ‍ॅम व्हेरी सपोर्टिव्ह."

सुनंदाने त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. त्यांची सोळा वर्षांची मुलगी ईशा कानातली वायर न काढता म्हणाली, "बाबा, शी रन्स द होल किचन." तिला मराठी सगळं समजतं, उत्तरं इंग्रजीत येतात.

दुसऱ्या दिवशी मटार सोलताना सुनंदाने मला खरी गोष्ट सांगितली. चार वर्षांपूर्वी ती जुमेराच्या बाजूला एका छोट्या कॅफेत ईशाला घेऊन गेली होती. कॅफेची मालकीण बिरगिट नावाची डॅनिश बाई. काउंटरमागे ती एका खोलगट खळग्यांच्या बिडाच्या तव्यात गोल गोल काहीतरी तळत होती आणि विणकामाच्या सुईने उलटत होती. त्याला म्हणे एब्लस्किवर म्हणतात, नाताळात जॅम आणि पिठीसाखरेबरोबर खातात. सुनंदाला दिसलं ते आप्पेपात्र. आणि आप्पे करपत होते. आपल्या बाईला दुसऱ्याचे आप्पे करपताना बघवत नाहीत. ती सरळ काउंटरमागे शिरली, "मॅडम, गिव्ह मी" म्हणाली, सुई हातात घेतली आणि सगळे आप्पे टपाटप उलटून दिले. बिरगिटबाईंनी विचारलं, उद्या येशील का. ती गेली, आणि जातच राहिली.

आता बिरगिटबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या, गुडघे बोलायला लागले होते. फेब्रुवारीत त्या कायमच्या मायदेशी जाणार होत्या. कॅफे बंद करायचा, की सुनंदाच्या हाती द्यायचा, हे त्यांनी एका जेवणावर ठेवलं होतं. दरवर्षी नाताळाआधी त्या आपल्या नेहमीच्या डॅनिश गिऱ्हाइकांना घरी जेवायला बोलावत आणि सगळं स्वतः रांधत. या वर्षी त्या स्वयंपाकघरात पाय ठेवणार नव्हत्या. सुनंदाने रांधायचं, त्यांनी पाहुण्यांत बसून खायचं. गिऱ्हाइकं खूश झाली तर कॅफे सुनंदाचा. नाहीतर सामान विकून कुलूप.

"श्रीकांतरावांना सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही. आधी होऊ दे." तिने मटारची शेंग उगीचच दोनदा सोलली. "नाही झालं तर निदान घरात हसं तरी होणार नाही. पण ताई, मला ते किचन हवंय गं. मला इतकं काहीच कधी नको होतं." माझ्या बहिणीने साडी, दागिना, फ्लॅट यांपैकी कशासाठीही असा आवाज काढलेला मी ऐकला नव्हता. मला एकदम तिची काळजी वाटायला लागली.

कॅफेत

कॅफे लहानसा, पांढऱ्या भिंतींचा. तिथे डुक्कर नाही आणि दारू नाही. दोन्हींना वेगळे परवाने लागतात. त्यामुळे चालतं ते मासे, अंडी, चीज, कोंबडी आणि काळी वीट. दर बघून मी हादरले. "एका मासळीच्या तुकड्याला बेचाळीस दिरहम? म्हणजे हजार रुपये." सुनंदाने मला कोपराने ढोसलं. "ताई, इथे कन्व्हर्ट करत बसलीस तर उपाशी मरशील."

बिरगिटबाई उंच, सरळ आणि चेहऱ्याने कोऱ्या. त्या इंग्रजी बोलतात, मी इथे माझ्या मराठीत सांगते. मी आत गेले तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "तुला भूक आहे का?" मी आपल्या वळणाप्रमाणे म्हटलं, "नको, नको, घरून खाऊन आले." त्या "ठीक आहे" म्हणाल्या आणि बशी आत घेऊन गेल्या.

आपल्याकडे पहिलं नको हे नुसतं दार वाजवणं असतं. दुसरं नको जरा लाडीक, आणि तिसऱ्यानंतर वाढायचं असतं हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. या बाईंनी पहिल्याच नकोला दार लावून घेतलं. फिलोमिनाने मला वाचवलं. ही वसईची, सुनंदाबरोबर कॅफेत काम करते, आधी मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात होती. "ताई, या लोकांना सरळ हो बोलायचं," ती म्हणाली. "मी पहिल्या आठवड्यात असंच नको-नको करून दोन किलो वजन घटवलं." ती बशी परत घेऊन आली.

मग मी दुसरा घोटाळा केला. समोर वेगवेगळ्या वाट्या होत्या. व्हिनेगर आणि साखरेत मुरवलेला हेरिंग नावाचा मासा, तोच मासा पिवळ्या रसात, मोहरीच्या वळणाचा रेमुलाद नावाचा पिवळा लगदा, बिटाचं लोणचं, चीज. मी काळी वीट घेतली आणि मिसळीवर घालतो तसं सगळं एकावर एक रचलं. वर शेपू. पलीकडच्या टेबलावरची एक डॅनिश आजी चमचा हवेत ठेवून माझ्याकडे बघायला लागली. अपघात बघतात तसं.

सुनंदाने कानात सांगितलं की याला क्रम असतो. आधी मासा, तो एकटा. मग बशी बदलून दुसरा मासा, मग मांस, मग चीज. एकावर एक चढवायचं नाही आणि हाताने उचलायचंही नाही, सुरी-काट्याने कापून खायचं. सोवळं-ओवळं आपण सोडलं, ते यांनी उचललं असं मला वाटलं. पण खोटं का बोलू, क्रमाने खाल्ल्यावर प्रत्येकाची चव वेगळी कळली.

त्या पिवळ्या रसातल्या माशाला ते करी म्हणतात. मी घास घेतला आणि वाट बघत बसले. तिखट काही आलं नाही. हळद लांबून नमस्कार करून गेली, बस. बिरगिटबाईंनी विचारलं, "तुला फार तिखट लागत नाही ना?" मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्या खरंच काळजीने विचारत होत्या. मी म्हटलं, "सोसेल मला." फिलोमिना आत पळाली, हसायला.

पडद्यामागचं दुकान

शुक्रवारी खरेदी. नाताळाच्या जेवणात मुख्य मान भाजलेल्या डुकराचा, आणि ते घ्यायला मोठ्या सुपरमार्केटात मागच्या बाजूला वेगळी खोली असते. दारावर पाटी, की हे मुस्लिमेतरांसाठी. आत शिरताना मला उगीचच कुणी ओळखीचं बघत नाही ना असं वाटलं, आणि आत एक ओळखीच्या भेटल्याच. सुनंदाच्या इमारतीतल्या देशपांडेबाई, हातात सॉसेजचं पाकीट. दोघींनी एकमेकींना हवापाणी विचारलं आणि पाकिटाचा विषय निघाला नाही.

मी मासे-मटण खाणारी, पण डुकराला शिवलेले नव्हते. सुनंदाही खात नाही. म्हणजे ती जे रांधणार होती ते तिने कधी चाखलेलंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आईने तरी नैवेद्याआधी कधी काही चाखलं होतं का? वासावर आणि आवाजावर करायची. मी तेच करते." मांस चाखायचं काम फिलोमिनाकडे. ती त्या बाबतीत अत्यंत कर्तव्यदक्ष आहे.

जुमेरा, शनिवार

शेवटचा गोड पदार्थ सुनंदाने सकाळी अल मनखूलच्या घरीच पुरा केला. नाव रिसालामांद. नाव भारी असलं तरी ती आपली खीर. तांदूळ दुधात आटवायचा, गार करायचा, त्यात फेटलेली साय आणि बदामाचे तुकडे घालायचे, आणि वर चेरीचा गरम रस. गंमत पुढे आहे. सगळ्या पातेल्यात एकच बदाम अख्खा टाकतात. ज्याच्या बशीत तो येईल त्याला बक्षीस. पण ज्याला सापडला त्याने सांगायचं नाही, गालात लपवून बसायचं, म्हणजे बाकीचे बिचारे पोट फुटेस्तोवर खीर खात राहतात. या एका बदामासाठी गंभीर डॅनिश माणसं भावाभावांत अबोला धरतात असं फिलोमिनाने मला शपथेवर सांगितलं.

सुनंदाने सोललेला अख्खा बदाम टाकला, वरून साय कालवली. मग आंघोळ करून आली, वरची वाटीभर खीर काढली आणि देवघरात गणपतीपुढे ठेवली. "बाकी पदार्थ काही देवाला दाखवता येत नाहीत," ती म्हणाली, "हा एक तरी दाखवते. आज मला त्याची गरज आहे." मी हात जोडले. ईशा झोपलेली होती. उठल्यावर प्रसाद खायला सांगा, असं श्रीकांतरावांना सांगून आम्ही पातेलं मांडीवर घेऊन टॅक्सीत बसलो. त्यांनी वर्तमानपत्रामागून, चला म्हणायच्या तिथल्या अरबी वळणाने, "यल्ला, ऑल द बेस्ट" म्हटलं.

बिरगिटबाईंचं घर बैठं, अंगणात लांब टेबल, पांढऱ्या चादरी, लहान लाल-पांढरे कागदी झेंडे. डिसेंबरची हवा सुरेख होती. तीसेक डॅनिश माणसं ऊन बघून वेडी झाल्यासारखी तोंड वर करून बसली होती. आत स्वयंपाकघरात आम्ही तिघी.

मी कोबी चिरला. लाल कोबी व्हिनेगर आणि साखरेत शिजवतात. बटाटेही साखरेत. हो, बटाटे. तव्यात साखर वितळवायची, लोणी घालायचं आणि उकडलेले छोटे बटाटे त्यात लोळवायचे. मी सुनंदाला दोनदा विचारलं की तुझी काही चूक तर होत नाही ना. मग डुक्कर, त्याचं नाव फ्लेस्कस्टाय. कातडीला बारीक चिरा, चिरांत मीठ, तमालपत्र. सगळा मान त्या कातडीचा, ती पापडासारखी कुरकुरीत झाली पाहिजे. सुनंदा भट्टीच्या दाराशी कान लावून उभी होती. "झालं," ती म्हणाली. फिलोमिनाने कडेचा तुकडा मोडला, डोळे मिटले आणि आणखी एक मोडला.

एकेक बशी बाहेर जात होती आणि बाहेरून काही आवाज येत नव्हता. आपल्याकडे पंगत गप्प जेवायला लागली की यजमानीण रडकुंडीला येते. "अगं, काहीच बोलत नाहीत," सुनंदा पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी खिडकीतून बघितलं. मधूनमधून कुणीतरी छोटा पेला उचले, सगळे "स्कोल" म्हणत, एकमेकांच्या डोळ्यांत बघत, पीत, पुन्हा डोळ्यांत बघत आणि मग पेला ठेवत. मग पुन्हा खाणं. मलाही एका पाहुण्याने आत येऊन एक पेला दिला. मी घेतला. कराडमध्ये कुणी विचारलं तर औषध होतं.

मग खीर गेली. एक वाढ झाली, दुसरी झाली. बायका पट्टे सैल करायला लागल्या. कुणी बदाम सांगेना. ओले नावाचे एक म्हातारे इंजिनियर होते, ते दरवर्षी जिंकायचे म्हणे आणि तासभर गालात बदाम धरून बसायचे. सगळ्यांनी त्यांच्याकडे संशयाने बघितलं. त्यांनी तोंड उघडून दाखवलं. तिसरी वाढ झाली. पातेलं खरवडून संपलं. आणि बदाम नाही.

कुणीतरी डॅनिशमध्ये काही विचारलं, आणि सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या. बिरगिटबाई उठून दारात आल्या. "सुनंदा," त्या म्हणाल्या, "तू बदाम टाकलास ना?"

"टाकला, मॅडम. माय ओन हँड."

बिरगिटबाई वळून परत टेबलाकडे गेल्या. फिलोमिना कुजबुजली की हे म्हणजे गणपती बसवला आणि मूर्तीच आणली नाही असं झालं. हे तिने म्हणावं, त्याअर्थी प्रकरण गंभीर होतं. सुनंदा ओट्याला धरून उभी राहिली. आणि मला एकदम ती वाटी आठवली.

"सुनंदा," मी म्हटलं, "नैवेद्य."

तिने तोंडावर हात ठेवला. फिलोमिनाला समजायला क्षणभर लागलं, पण मग ती लगेच कामाला लागली. "घाबरू नको. दुसरा बदाम सोलू, त्या ओलेच्या कोटाच्या खिशात टाकू. त्याला वाटेल त्यालाच आला आणि तो विसरला."

सुनंदाने मान हलवली आणि घरी फोन लावला. ईशा नुकतीच उठलेली. आम्ही सगळ्या फोनला कान लावून. पावलं वाजली, वाटी वाजली. "मम्मा, देअर्स अ होल आल्मंड. कॅन आय ईट इट?"

"खाऊ नकोस," आम्ही तिघी एकदम ओरडलो. "बाबांना गाडी काढायला सांग."

फोन ठेवून सुनंदाने पदराला हात पुसले आणि ती सरळ अंगणात गेली. मला वाटलं, आता ही रडणार, माफी मागणार आणि सगळं घालवून बसणार. ती टेबलाच्या टोकाशी उभी राहिली आणि आपल्या इंग्रजीत म्हणाली, "सॉरी. बदाम माझ्या घरी आहे. आमच्यात काहीही रांधलं की पहिला वाटा देवाला. मी दिला. बदाम त्याच्या वाटीत गेला."

बिरगिटबाईंनी विचारलं, "कुठल्या देवाला?"

"गणपती."

"तो हत्तीचा?"

"येस, मॅडम."

"त्याने खाल्लं?"

"नो. ही नेव्हर ईट्स. ओन्ली लुकिंग."

ओलेसाहेब पेला खाली ठेवून म्हणाले, "मग त्याने गालात धरलाय. हत्तीचे गाल मोठे असतात." आणि ती तीस कोऱ्या चेहऱ्यांची माणसं अशी हसली की टेबलावरचे झेंडे पडले. मी त्यांच्याकडून ही अपेक्षा केली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला, आणि डोळ्यांत पाणी आलं ते मी कोबीवर ढकलू शकले नाही, कोबीने पाणी येत नाही.

पाऊण तासाने श्रीकांतराव आले. घरातली अर्धी चड्डी, पायांत रबरी चपला, हातात बशीने झाकलेली वाटी, मागे ईशा. त्यांना वाटलं होतं, वाटी देऊन परत फिरायचं. फाटकातून आत आले तर तीस गोरी माणसं उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. ते मागे वळून बघायला लागले, की आणखी कोण आलंय.

बिरगिटबाईंनी वाटीतला बदाम सगळ्यांना दाखवला आणि जाहीर केलं की यंदा गणपती जिंकला, बक्षीस त्याच्या माणसाने घ्यावं. बक्षीस म्हणजे बदामाच्या गोड लगद्याचं गुलाबी डुक्कर, अगदी शेपटीसकट. ते त्यांनी श्रीकांतरावांच्या हातात ठेवलं. हे गणपतीपुढे ठेवायचं की नाही, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. त्यांना त्या पेचातून बाहेर काढायला कुणी गेलं नाही.

मग बिरगिटबाईंनी टेबलाकडे बघून विचारलं, "जेवण?"

"वाईट नव्हतं," ओलेसाहेब म्हणाले. शेजारची आजी म्हणाली, "मुळीच वाईट नव्हतं." ते वाक्य टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. फिलोमिनाने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

"मी फेब्रुवारीत जाते," बिरगिटबाई म्हणाल्या. "कॅफे सुनंदाने चालवावा असं मला वाटतं. सुनंदा, तुझं काय?"

श्रीकांतरावांना हे पहिल्यांदा कळत होतं. पण सवय मोठी. त्यांनी डुक्कर डाव्या हातात घेतलं, घसा साफ केला आणि सुरू केलं, "थँक यू, मॅडम. वी विल डिस्कस अ‍ॅट होम अँड..."

"अहो, डिस्कस काय करायचंय?" सुनंदा म्हणाली. हळूच म्हणाली, चिडून नाही. मग बिरगिटबाईंकडे वळली. "येस, मॅडम. पण फेब्रुवारी लेट होईल. चावी मला जानेवारीतच द्या. एक महिना तुम्ही गिऱ्हाइकासारखं बसा, काय चुकतं ते सांगा. आणि बटाट्यातली साखर मी कमी करणार."

"नाही," तीस जण एका आवाजात म्हणाले.

"बरं, बटाटे राहू देत," सुनंदा म्हणाली.

त्यानंतर त्या लोकांनी एकमेकांचे हात धरून अंगणातल्या नाताळाच्या झाडाभोवती गाणी म्हणत फेर धरला. हुबेहूब आपला भोंडला, फक्त पुरुषही होते आणि जेवण आधीच झालेलं होतं. ओलेसाहेबांनी श्रीकांतरावांचा हात पकडला तो सोडेचनात. डुक्कर ईशाकडे गेलं होतं. श्रीकांतराव चपला फटफटवत गोल फिरत होते आणि दर फेरीला सुनंदाकडे असे बघत होते, जणू ही बाई कुठेतरी पाहिलेली आहे.

घरी परतायला आम्ही गाडीत बसलो. सिग्नलला थांबल्यावर श्रीकांतराव एवढंच म्हणाले, "मला आधी सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तुम्हीच उत्तर दिलं असतं," सुनंदा म्हणाली. सिग्नल सुटला.

परत

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी निघाले. बॅगेत काळ्या विटा तीन, रेमुलादच्या बाटल्या दोन, आणि कराडमध्ये कुणी खाणार नाही अशी पूर्ण खात्री. विमान दुपारचं होतं. सुनंदा सकाळी साडी नीट करत माझ्या पाया पडली, "डबा ओट्यावर आहे, खाऊन जा" म्हणाली आणि गेली. चावी मिळून चार दिवस झाले होते. आजवर तिच्या घरून निघालेल्या प्रत्येक पाहुण्याला ती विमानतळावर सोडायला यायची आणि काचेपलीकडून दिसेनासं होईपर्यंत हात हलवायची. या वेळी श्रीकांतराव अर्धा दिवस रजा टाकून एकटेच आले.

ट्रॉली ढकलताना त्यांचे जबल अलीतले एक मराठी सहकारी भेटले, कुणाला तरी सोडायला आलेले. नमस्कार झाले. त्यांनी विचारलं, "वहिनी नाही आल्या?"

"नाही हो. तिला सुट्टी नाही," श्रीकांतराव म्हणाले.

ते गृहस्थ मान हलवून पुढे निघाले, तर यांनी त्यांना हाक मारून थांबवलं आणि कुणी विचारलेलं नसताना कॅफेचा पत्ता सांगितला, कुठे वळायचं आणि गाडी कुठे लावायची त्यासकट.